अलिबागची भाऊबीज

"मी काय अलिबागहून आलो आहे?" असे जेव्हा एखादा माणूस विचारतो, तेव्हा त्याला उत्तर नको असते. मला खुळा समजू नका, एवढेच त्याला सांगायचे असते. या वाक्प्रचाराचा अलिबागकरांना इतका त्रास झाला, की २०१९ साली त्यावर बंदी घालावी म्हणून प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेले. विनोद सगळ्यांवरच होतात, मनाला लावून घेऊ नये, अशा अर्थाचे सांगून न्यायालयाने ती याचिका फेटाळली. आमच्या घरात मात्र या वाक्याला फार आधीपासून बंदी आहे. आणि तिच्यावर अपील नाही. कारण माझी थोरली बहीण, आमची अक्का, अलिबागेस राहते. दाजी एस. टी.त. बदली होत होत तिकडे गेले आणि समुद्राचे वारे मानवले म्हणून तिकडचेच झाले.

मी राहतो हिंगोलीस. येथून अरबी समुद्र सरळ रेषेत मोजला तरी साडेचारशे किलोमीटरांहून लांब. आमच्या वाट्याला पाणी येते ते कयाधूचे, आणि तेही तिची मर्जी असेल तेव्हा. आमचा जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा निघालेला. अक्काच्या जिल्ह्याचे 'कुलाबा' हे नाव १९८१ साली बदलून 'रायगड' झाले. म्हणजे दोघांच्याही जिल्ह्यांची नावे आम्हां भावंडांपेक्षा फार थोर नाहीत. मी येथील एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. वीस वर्षे झाली.

या वीस वर्षांत 'मराठीतील आद्य शिलालेख' हा विषय मी दरवर्षी शिकवला. पूर्वी आम्हांला श्रवणबेळगोळचा लेख पहिला म्हणून शिकवत. पुढे डॉ. शं. गो. तुळपुळे यांनी 'प्राचीन मराठी कोरीव लेख' या १९६३ सालच्या ग्रंथात जुन्या लेखांची नीट तपासणी केली आणि आक्षीचा लेख पुढे आला. शके ९३४, म्हणजे इसवी सन १०१२. हे आक्षी म्हणजे अलिबागजवळचे एक खेडे. काही अभ्यासक त्याचे साल पुढचे मानतात, हेही मी मुलांना सांगतो. परीक्षेत मात्र ९३४ लिहा म्हणतो. २०२४च्या ऑक्टोबरात मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा महाविद्यालयात सभा झाली. मी त्या शिळेवर असा काही बोललो, की टाळ्या थांबेनात. सभा संपल्यावर दुसऱ्या वर्षाच्या वर्गातील एक मुलगी जवळ आली आणि तिने अगदी सरळपणे विचारले, "सर, तो दगड केवढा आहे हो?"

मला सांगता आले नाही. मी तो पाहिलाच नव्हता. सख्खी बहीण तेथून घटकाभराच्या वाटेवर राहत असून पाहिला नव्हता.

दिवाळीच्या सुटीत अलिबागला जायचे मी ठरवले त्याला हे एक कारण झाले. दुसरे कारण आईचे. पंचाहत्तरी ओलांडली, पंढरपूर कितीदा केले याची गणती नाही; पण समुद्र पाहिलेला नव्हता. तिसरे कारण बॅगेच्या तळाशी होते. तेच खरे कारण.

वडील जाऊन तीन वर्षे झाली होती. कयाधूच्या काठी त्यांची सहा एकर जमीन. सोयाबीन आणि हळद होते. पण बटईने दिलेल्या शेताचे उत्पन्न आणि प्राध्यापकाने दिलेले व्याख्यान, दोन्हींतून हाती फारसे लागत नाही. मुलाच्या शिक्षणासाठी शहरात एक फ्लॅट घ्यावा, त्यासाठी जमीन विकावी, असा विचार मनात आला. तो सौभाग्यवतीचा होता असे लिहिण्याची मला सोय आहे. परंतु तो माझाच होता. वकिलांनी सांगितले, बहिणीचे हक्कसोडपत्र लागेल. २००५च्या दुरुस्तीनंतर वडिलांच्या मिळकतीत मुलीचा वाटा मुलाएवढाच. "तशी काही अडचण नाही," ते म्हणाले. "बहिणी देतात. भाऊबीजेला जाताच आहात, मसुदा घेऊन जा. एकदा तिने वाचून हो म्हटले की नोंदणीला इकडे बोलावून घेऊ."

त्यांच्या बोलण्यात चुकीचे काहीच नव्हते. बहिणी देतातच. आमच्याकडे त्याला कोणी मागणे म्हणत नाही, रीत म्हणतात. म्हणून बॅगेत सर्वांत खाली तो कागद, त्यावर अक्कासाठी घेतलेली नारायणपेठी, आणि तिच्यावर आईने बांधून दिलेली घरच्या हळदीची पुरचुंडी, अशी माझी भाऊबीज भरली गेली.

लक्ष्मीपूजन करून आम्ही परभणीला रात्रीची देवगिरी धरली. सकाळी मुंबई. गेटवेवर उभे राहून आईने प्रथम समुद्र पाहिला. ती पुष्कळ वेळ काही बोलली नाही. माझ्या मुलीला वाटले, आजी भारावली. पण आई हिशेब करत होती.

"हे सगळं पाणीच?"

"हो."

"आन् आपल्याकडं मार्चापासून टँकर."

"आई, हे खारं असतं. पिता येत नाही, पिकाला चालत नाही."

"मंग एवढे लोक कामून बघाया येतेत?" आईने विचारले. आणि मांडव्याच्या लाँचमध्ये बसेपर्यंत मला याचे उत्तर सुचले नाही.

अक्का धक्क्यावरच आली होती. ती आईच्या गळ्यात पडली तेव्हा तिच्या तोंडून आमच्याकडचे शब्द बाहेर आले. रिक्षावाल्याशी बोलायला वळली तेव्हा तिचे सूर उतरले ते कोकणातले. एका माणसाच्या गळ्यात दोन नद्या असाव्यात तसे वाटले. संध्याकाळी ओहोटी लागली तसे आम्ही किनाऱ्यावर गेलो. समोर कुलाब्याचा किल्ला, शिवाजी महाराजांनी १६८० साली बांधायला घेतलेला. भरतीला बेट होणारा हा किल्ला ओहोटीला पायी गाठता येतो. आईने लुगडे वर खोचले आणि समुद्राच्या तळावरून ती शंभर पावले चालून आली. "आता कुणी म्हनलं, समिंदरात गेल्ती का, तर हाव म्हनाया मोकळी," ती म्हणाली.

अलिबाग आता पूर्वीचे राहिलेले नाही, हे अक्काने वाटेत दाखवले. शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याच्या गाड्यांनी रस्ता भरून जातो. नागावच्या किनाऱ्यावर घोडागाड्या, फुगवलेल्या पिवळ्या होड्या, भेळ आणि शहाळी. नारळी-पोफळीच्या वाड्यांतून राहण्याजेवण्याच्या सोयीच्या पाट्या, आणि त्यांच्या मधून मधून दुसऱ्या पाट्या: 'एन. ए. प्लॉट विकणे आहे'. "इथं भावंडं आता एकमेकांशी बोलत नाहीत," अक्का सहज म्हणाली. "गुंठ्याला भाव आला ना, की नात्याचा जातो." मी बाहेर पाहत राहिलो. सुरूची झाडे एकसारखी मागे जात होती.

दुसऱ्या दिवशी भाऊबीज. ओवाळणे संध्याकाळी होते; म्हणून सकाळी सगळी वरात आक्षीला निघाली. अलिबाग-रेवदंडा रस्त्यावर पहिलेच गाव. शिळा बघायची आहे म्हटल्यावर दाजींना वाटले होते, लेणे वगैरे असेल. "हाच?" त्यांनी दोनदा विचारले.

हाच. माणसाच्या छातीपर्यंतही न पोचणारा, शतकानुशतके खारे वारे खाल्लेला एक उभा दगड. अक्षरे झिजलेली. वर्गात ज्या शिळेपुढे मी मुलांना मनोमन नमस्कार करायला लावला होता, तिच्याएवढे दगड आमच्या शेताच्या बांधावर पडलेले आहेत. क्षणभर मी हिरमुसलो. मग खाली वाकून पाहू लागलो आणि माझ्या अंगावर काटा आला. कोणी तरी एक हजार वर्षांपूर्वी येथे बसून हातोडी-छिन्नीने ही भाषा कोरली होती. नरसीला नामदेवांचा जन्म होण्याच्या अडीचशे वर्षे आधी. ज्ञानेश्वरीच्याही आधी. आणि ती मला, थोडी अडखळत, पण कळत होती.

"काय लिव्हलंय रं बापू?" आईने विचारले. आईला अक्षर येत नाही. आयुष्यात तिने मला हा प्रश्न हजारदा विचारला असेल, एस. टी.च्या पाटीपासून औषधाच्या बाटलीपर्यंत. प्राध्यापकाचा आवाज काढून मी सांगू लागलो. शिलाहारांचा राजा केसीदेवराय, पश्चिम समुद्राचा अधिपती, कोकणचा चक्रवर्ती. त्याचा महाप्रधान भइर्जू सेणुई. त्याने देवीच्या बोडणासाठी नऊ कुवळी धान्य लावून दिले, आणि महालक्ष्मीची आण घातली.

"कुवळी म्हंजी?"

"आपली पायली असते तसं माप."

"नऊ पायल्या दाण्यासाठी एवढा मोठा राजा!" आईला गंमत वाटली. मलाही वाटली. पश्चिम समुद्राचा धनी, आणि दगडावर कोरून ठेवतो काय, तर नऊ मापे धान्य. विद्यार्थ्यांना मी हे सांगितले होते, पण कधी लक्षात घेतले नव्हते. मराठीत पहिल्याने जे कोरले गेले ते गाणे नव्हे, पोवाडा नव्हे. एकाने काही दिले, ते कायम राहावे, एवढीच नोंद. लेखाचा आरंभ होतो तो जगाला सुख लाभो या इच्छेने. आणि शेवट...

येथे मी थांबलो. कारण या जातीच्या दगडांना 'गधेगाळ' म्हणतात. वर चंद्रसूर्य कोरतात. ते आकाशात आहेत तोवर हे दान चालू राहावे म्हणून. मधे दानाची नोंद. आणि दिलेले जो मोडील त्याला शिवी. ती शिवी गाढवाची. कोकणात आणि देशावर असे कितीतरी दगड उभे आहेत. ज्याला वाचता येत नाही त्यालाही कळावे म्हणून पुष्कळांवर तिचे चित्रच काढलेले असते. ते चित्र कशाचे, हे चारचौघांत सांगण्यासारखे नाही. मी वर्गातही ते ओझरते सांगून पुढे जातो.

"दिलेलं कुणी परत घेतलं, तर त्याला शिवी आहे," मी म्हणालो.

पण आईने खेड्यात हयात काढली आहे. बांधावरचे, वेशीवरचे असले दगड तिने लहानपणापासून पाहिलेले होते. तिने माझ्याकडे पाहिले, मग दगडाकडे, आणि शांतपणे विचारले,

"त्याला, का त्याच्या मायीला?"

मी काही बोललो नाही.

"म्हंजी खोड लेकाची, आन् शिवी मायीला," आई म्हणाली. "बरं हाय."

अक्का खळखळून हसली. दाजी हसले. मुलांना काही कळले नाही, तरी तीही हसली. मी एकटाच असा होतो की ज्याच्या बॅगेच्या तळाशी एक कागद होता, ज्याची आई शेजारी उभी होती, आणि ज्याची बहीण समोर.

तेथून आम्ही चौलला गेलो. खरे म्हणजे या सहलीतील माझ्या आवडीची जागा हीच व्हायची. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक खलाशाने लिहिलेल्या 'पेरिप्लस'मध्ये या बंदराचे नाव 'सेमिल्ला' असे येते. टॉलेमीला ते ठाऊक होते. कान्हेरीच्या लेण्यांतील लेखांत चेमुलच्या दात्याचा उल्लेख आहे. दहाव्या शतकात मसूदी नावाचा अरब प्रवासी येऊन गेला, पंधराव्या शतकात रशियाचा अफनासी निकितिन येथेच जमिनीवर उतरला, सोळाव्या शतकात शेजारी रेवदंड्याला पोर्तुगीज बसले, आणि १७४० साली मराठ्यांनी त्यांना काढले. या शतकाच्या आरंभी पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी येथे खणले तेव्हा सातवाहनांच्या काळापर्यंतचे अवशेष हाती आले. त्याच 'पेरिप्लस'मध्ये आमच्या मराठवाड्यातील पैठण आणि तेर यांचीही नावे आहेत. तेथून गाड्या भरभरून कापड आणि पैठणचे मौल्यवान खडे भडोचच्या बंदराकडे जात. म्हणजे आमची काळी जमीन आणि हा समुद्र यांची सोयरीक अक्काच्या लग्नापेक्षा दोन हजार वर्षे जुनी!

हे सगळे मी वाटेत सांगणार होतो. भाषण तयार होते. पण रामेश्वराच्या देवळापुढच्या पुष्करणीच्या पायऱ्यांवर बसलो आणि काही बोलवेना. पाण्यावर ऊन हलत होते. ग्रीक गेले, अरब गेले, फिरंगी गेले, पश्चिम समुद्राचे अधिपती गेले. बंदर गाळाने भरले. त्यावर माड उभे राहिले. एवढ्या मालकांतून राहिली ती नऊ कुवळी धान्याची नोंद.

माझ्यामागे दोन पायऱ्या वर आई आणि अक्का शेंगा सोलत बोलत होत्या.

"बांधावरली बोर हाय का गं अजून?"

"हाय. पर आता आंबट येतेत."

"तिच्याखाली बापूला झोळीत घालायचे मी. कापूस वेचता वेचता येऊन झोका द्यायचे."

"तू तरी केवढी व्हतीस? आठ वर्साची."

अक्का सातवीनंतर शाळेत गेली नाही. कोणी तिला बळेच काढले नाही. शाळा तालुक्याच्या गावी, खर्च एकाचाच झेपण्याजोगा, आणि मी मुलगा. तिने कापूस वेचला, हळद खणली. मी वह्या विकत घेतल्या, एम. ए. झालो, आणि तिच्या मजुरीवर शिकलेली भाषा आता तासाच्या हिशेबाने शिकवतो. हे मला नवीन कळले असे नाही. माहीत असलेली गोष्टच कधी कधी दगडावर कोरल्यासारखी समोर उभी राहते, एवढेच. वडिलांच्या शेतातला आपला वाटा अक्काने चाळीस वर्षांपूर्वीच मला देऊन टाकला होता. त्याचा कागद कोणी केला नव्हता. आता उरलेला वाटा मागायला मी कागद करून आणला होता.

संध्याकाळी अक्काने पाट मांडला, रांगोळी घातली, मला ओवाळले. हळद घरचीच होती. आईने पुरचुंडी सोडून तबकात ठेवली होती. ओवाळणी आणायला मी आत गेलो. साडी ओढली तर खालचा कागद तिच्या घडीला चिकटून बाहेर आला आणि उंबऱ्यावर पडला. अक्का मागोमाग आली होती. तिने तो उचलला, पहिल्या दोन ओळी वाचल्या. सातवीपर्यंतचे वाचन त्याला पुरे होते.

"मला ठाऊक होतं," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरे झाले असते. "वहिनी फोनवर फ्लॅटचं बोलल्या होत्या. पेन दे. नंतर नोंदणीला कधी यायचं ते सांग, दाजी सुटी काढतील."

तिने खरोखरच हात पुढे केला.

मी तो कागद तिच्या हातातून घेतला आणि खिशात घातला. "हा माझ्या कॉलेजचा आहे," असे काहीतरी मी म्हणालो. आयुष्यात इतके वाईट खोटे मी कधी बोललो नाही. अक्का माझ्याकडे पाहत राहिली. मग साडी छातीशी धरून म्हणाली, "रंग छान आहे रे." आणि स्वयंपाकघरात गेली. बराच वेळ बाहेर आली नाही.

परत आल्यावर आमच्या घरी काय झाले ते सविस्तर लिहीत नाही. मनाने मोठे होण्याचा खर्च बायको-मुलांना विचारून करावा, हे सौभाग्यवतीचे म्हणणे मला आजही खोडता आलेले नाही. मुलगा शहरात खोली घेऊन राहतो, तिघांत एक. फ्लॅट झाला नाही. वकिलांकडे गेलो तेव्हा त्यांनी विचारले, "झाली का सही?"

"नाही. बहीण द्यायला तयार होती. मीच घेतली नाही."

त्यांनी चष्मा काढला. "काय हो सर, अलिबागहून आलात का?"

"हो," मी म्हणालो, "अलिबागहूनच आलो."

वडिलांच्या मागे वारसांची नोंद मी तशीच लांबवली होती. ती करून घेतली. उन्हाळ्यात तलाठ्याने नवा सातबारा हाती दिला. घरी येऊन आईपुढे धरला. तिने तो उलटासुलटा केला आणि नेहमीचा प्रश्न विचारला, "काय लिव्हलंय?"

मी वाचून दाखवले. तिचे नाव, अक्काचे नाव, माझे नाव. तिने तिन्ही नावांवरून बोट फिरवले. अक्काचे कोणते ते पुन्हा विचारून घेतले. मग कागदाच्या तळाशी बघत म्हणाली,

"आन् खाली शिवी न्हाई लिव्हली?"

"आता लिहीत नाहीत, आई."

"लिव्हायला पायजेल व्हती," आई म्हणाली, आणि कागद घडी करून देवाच्या फळीवर ठेवत पुढे म्हणाली, "तुह्या पोराला लागंल कवा तरी."

यंदा भाऊबीजेला अक्काच इकडे येणार आहे. तिला बोरीचे झाड बघायचे आहे.